जंतू सापडल्याचा आनंद

शिडी चढून काम करणाऱ्या बायका फारशा दिसत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकं तिला शिडीताई म्हणत. घरात ती नुसती ताई.

त्यांचं पडद्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर कापडाचे तागे, खिडकीखाली दोन शिवणयंत्रं आणि कोपऱ्यात भिंतीला टेकवलेले रॉड. आई टेबलाशी उभी राहून चुण्या घालायची, धाकटी बहीण यंत्रावर बसायची आणि ताई बाहेरचं बघायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, भिंतीत ड्रिलनं भोकं पाडायची, रॉड चढवायचे आणि शिवून झालेले पडदे खांद्यावर टाकून नेऊन टांगायचे. वडील हेच काम करत. ते अचानक गेले तेव्हा आता हे बंद करावं लागणार असं सगळे धरून चालले होते. ताईनं दुसऱ्याच आठवड्यात त्यांची शिडी उचलली. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "नवऱ्याला शिडी धरता आली पाहिजे," आणि विषय तिथंच मिटायचा. शेवटी लग्न झालं ते धाकटीचं. तिचा नवरा टेम्पो चालवायचा, त्यालाच घरात जागा दिली आणि बिऱ्हाड वाढलं.

ताईच्या पायाला भिंगरी होती. दुपारी दोन घरं, संध्याकाळी तिसरं, वर गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या आईशी गप्पा. छताचा चुरा केसात घेऊन घरी यायची आणि तशीच जेवायला बसायची. आई ओरडायची, आणि मनातून खूश असायची.

त्या हिवाळ्यात घरात सगळ्यांनाच घसादुखी आणि ताप येऊन गेला. ताईलाही आला. ताप गेला, घसा मोकळा झाला आणि ती कामावर गेली. एका घरी बैठकीच्या खोलीत रॉड लावायचा होता. ती शिडीवर अर्धी चढली, ड्रिल धरून हात वर केले, आणि हात तिचे राहिलेच नाहीत. दुखले नाहीत की थरथरले नाहीत, नुसते खाली आले. ती पायरीवरच बसली. घरच्या बाईनं पाणी दिलं, पंखा लावला. अजून अशक्तपणा असेल, दोघीही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी ताईला अंथरुणात कूस बदलता येईना.

मेहनतीचा थकवा तिला चांगला ठाऊक होता. तो जेवणाबरोबर उतरायला लागतो आणि झोपेनं फिटतो. हा झोपेनं फिटेना. सकाळी उठल्यावर तर जास्तच असे, कुणी झोपेत तिला दगड वाहायला लावले असावेत तसा. बरं, सारखा सारखाच असता तरी एक वेळ समजून घेतलं असतं. एखादा दिवस जरा बरा जायचा. मग ती हुरळून चार कामं उरकायची आणि त्याची शिक्षा एक दिवस सोडून यायची. डोकं जड, सांधे दुखरे, आवाज नकोसे, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत. एकदा तिला "कात्री" आठवेना. धाकटीकडे दोन बोटं उघडमिट करून दाखवली. दोघी हसल्या. नंतर मोरीत जाऊन ताई रडली.

गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, साखर बघितली, थायरॉईड बघितलं. "रिपोर्ट एकदम छान आहेत," ते म्हणाले. पुढच्या काही वर्षांत तिनं इतक्या दवाखान्यांत हे ऐकलं, की छान या शब्दाची तिला शिसारी बसली. कुणी टॉनिक दिलं, कुणी मन रमवायला सांगितलं. एकानं आईला बाजूला घेऊन विचारलं, "लग्न नाही झालं का यांचं?"

आई कडक बाई. अंगात ताप असताना चुण्या घातलेल्या आहेत तिनं. तिच्या मते माणूस दोनच कारणांनी आडवा होतो, ताप आला की किंवा मेला की. ताईला तर दोन्हींतलं काहीच झालेलं नव्हतं. आई काही वाईट बोलायची नाही, पण सकाळी ताईच्या खोलीची खिडकी खाडकन उघडायची, आणि त्या आवाजात सगळं आलं. पाहुणे आले की म्हणायची, "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं, मुंगीच्या पावलानं जातं." ताई आतून ऐकायची. एकदा धाकटीला म्हणाली, "आपली मुंगी वाटेत मेली वाटतं."

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मधे न तोडता ऐकणारी ही पहिलीच. त्यांनी त्या दुखण्याला नाव दिलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. खूपदा एखाद्या तापानंतर सुरू होतं, का होतं ते नीट कळलेलं नाही आणि मुळावर घाव घालणारं औषध नाही, असं सरळ सांगितलं. झेपेल त्याच्या अलीकडेच थांबा म्हणाल्या. "लोक रेटा म्हणतील. तुम्ही रेटू नका." ताईला रडू आलं. नाव मिळालं म्हणजे निम्मं काम झालं असं तिला वाटलं.

घरी आल्यावर धाकटीनं ते नाव आईला मराठीत समजावून सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे जुना थकवा. थकव्याला थकवा म्हणायला एवढं शिकावं लागतं?"

काम तर चालवायचं होतं. धाकटीच्या नवऱ्यानं टेम्पोच्या फेऱ्या कमी केल्या आणि ड्रिल हातात घेतलं. त्याचा पहिला रॉड एका टोकाला चांगला बोटभर खाली आला. गिऱ्हाईक बघत राहिलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "पडदा सरळ आहे हो, तुमची खोलीच कललीय." ताईनं हे ऐकलं तेव्हा ती पुष्कळ दिवसांनी पोट धरून हसली. तो मापं आणून द्यायचा, ती पलंगावर पडल्या पडल्या कापड किती लागेल ते सांगायची. आपला एवढा तरी उपयोग आहे, या एका गोष्टीवर ती तग धरून होती.

मग ताप आला, तो खरा, थर्मामीटरमध्ये दिसणारा.

लघवीला जळजळ होत होती, सारखं जावंसं वाटत होतं. दोन दिवस तिनं अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, पाठीत बरगडीखाली कळा. आईनं कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण ताईला आणखीही काहीतरी दिसलं. सुटका. मुलगी खरोखर आजारी होती.

लघवी तपासायला दिली. डॉक्टर म्हणाले, जंतू आहेत, भरपूर आहेत, मूत्रमार्गातून वर चढलेत. त्यांनी अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पाणी पुष्कळ प्यायला सांगितलं. आई तो कागद घेऊन घरी आली ती अशी, जणू पोरगी परीक्षेत पहिली आली होती. टेबलावरचं कापड बाजूला सारून तिनं तो धाकटीपुढे ठेवला. "सापडले. जंतूच होते. एवढी वर्षं आत बसले होते आणि कुणाला दिसले नाहीत."

धाकटीला शंका होती. तिनं डॉक्टरांना विचारलं, की थकवा याच्यामुळेच होता का. डॉक्टर म्हणाले, बघू, गोळ्या संपू द्या. आईला तेवढं बास झालं. तिनं गल्लीत सांगितलं. फोन करून नातेवाइकांना सांगितलं. वर्षानुवर्षं ज्यांच्यासमोर तिची मान खाली गेली होती, त्या सगळ्यांना तिनं जंतूंची बातमी दिली. आणि ताईची अशी काही सेवा केली, की लहानपणीसुद्धा केली नसेल. केस विंचरून दिले, पाय चेपले, हातानं भरवलं. खिडकी अलगद उघडायला लागली.

ताईला ते दिवस फार गोड गेले, हे सांगायला विचित्र वाटतं पण तसं होतं. अंगात ताप होता, कळा येत होत्या, आणि ती सुखात होती. कुणी काही सिद्ध करायला सांगत नव्हतं. आजारी माणसानं झोपायचं असतं, आणि ती झोपत होती. एका दुपारी तर तिच्या मनात आलं, हा ताप आणखी थोडे दिवस राहिला तर बरं. लगेच तिला स्वतःची लाज वाटली. पण विचार आला होता.

गोळ्यांनी काम केलं. ताप उतरला, जळजळ थांबली, पाठ मोकळी झाली. एवढी विश्रांती आणि एवढी माया मिळाल्यावर थकवाही थोडा सैल पडल्यासारखा वाटला. ती टेबलाशी खुर्ची घेऊन बसली, एका पडद्याची कड दुमडून दिली. आईनं त्या दिवशी गोड केलं. मग पुन्हा तपासणी झाली. लघवी स्वच्छ, एकही जंतू नाही.

आणि त्यानंतरच्या सकाळी ताईला उठता आलं नाही.

आई दारात आली. हातात तोच रिपोर्ट. "आता तर काही नाही ना आत?"

"नाही," ताई म्हणाली.

"मग?"

ताईनं पांघरूण वर ओढलं. आई कागद कपाटावर ठेवून चुण्या घालायला गेली. दुसऱ्या दिवशी खिडकी पुन्हा खाडकन उघडली.

यातून पुढचा मूर्खपणा झाला. मूर्खपणा हा ताईचाच शब्द. एका शाळेच्या सभागृहाचं काम आलं होतं, मंचाचा मोठा पडदा आणि दोन्ही बाजूंच्या उंच खिडक्या. ताई म्हणाली, मी येते, खाली खुर्चीवर बसून सांगेन. धाकटी नको म्हणाली. आई काहीच म्हणाली नाही. तिच्या त्या गप्प बसण्यामुळेच ताई गेली. मेहुणा पहिल्या खिडकीशी झटत होता, रॉडचं ब्रॅकेट बसत नव्हतं. तिनं दोनदा सांगून बघितलं, आणि मग उठून स्वतः चढली. हात वर केले. हात राहिले. तिला वाटलं, हेच तर, रेटलं की होतं. तिनं त्या खिडक्या पुऱ्या केल्या. मेहुणा शिडी धरून खाली उभा होता आणि सारखा म्हणत होता, "ताई, बास करा." घरी येताना टेम्पोत ती गाणं गुणगुणत होती.

शिक्षा ठरल्याप्रमाणे एक दिवस सोडून आली, पण या वेळी ती परत गेली नाही. आठवडे गेले, महिने गेले. उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचायचा, म्हणून धाकटीनं तिच्या खिडकीला दुहेरी अस्तराचा जाड पडदा शिवला. यंत्राचा आवाज सहन होईना, म्हणून यंत्रं पलीकडच्या भिंतीशी हलवली. बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. संडास होता बोळाच्या टोकाला. तिथवर भिंतीला धरून जायचं, मधे जमिनीवर बसायचं, परत यायचं, आणि मग उरलेली दुपार छाती धडधडत पडून राहायचं.

म्हणून तिनं पाणी कमी केलं. साधा हिशेब होता, कमी प्यायलं की कमी वेळा उठावं लागतं. आई सकाळी तांब्या भरून ठेवायची. ताई घोट घोट घ्यायची, ओठ ओले करण्यापुरती. आईनं विचारलं की म्हणायची, प्यायले. पलंगाजवळ भांडं ठेवू का, असं धाकटीनं एकदा सुचवलं होतं. ताईनं तोंड फिरवलं. अजून चाळिशीही नाही आणि बहिणीनं आपलं भांडं उचलायचं, हे तिला मरणाहून वाईट वाटलं. धाकटीनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पुढे काय झालं असेल ते कुणीही ओळखेल. जंतू परत आले. पण या वेळी ते वाजतगाजत आले नाहीत. हुडहुडी नाही, जळजळ फारशी नाही. पाठीत एक बोथट ठणका, तोंडाला कोरड, अन्नाची किळस. अंगदुखी तर तिला रोजचीच होती, किळसही नवी नव्हती. तरी तिला कळलं होतं, की हे आपलं नेहमीचं नाही. तिचा थकवा पायांतून वर चढायचा. हे पाठीतून पसरत होतं, आणि त्याला एक घाई होती.

तिनं कुणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, हे नंतर सगळ्यांनी विचारलं. कारण साधं होतं. दुखतंय म्हणून तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं आणि इतक्या वेळा छान रिपोर्ट हातात पडला होता, की आता तिचाच स्वतःवर विश्वास उरला नव्हता. समजा तपासलं आणि काही निघालं नाही, तर आईच्या डोळ्यांतलं ते "मग?" पुन्हा बघावं लागेल. आणि समजा निघालंच, तर पुन्हा तो आनंद, ती सेवा, ती गल्लीभर बातमी, आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा खिडकी. दोन्हींतलं काहीच तिला नको होतं. उद्यापर्यंत बघू, असं म्हणत ती पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवणाचं ताट घेऊन आत आली. ताई पांघरूण घेऊन पडली होती, डोळे उघडे. आईनं हाक मारली तर ती म्हणाली, "बाबांना शिडी धरायला सांग." आवाज स्पष्ट होता. बाबांना जाऊन वर्षं लोटली होती. आईनं कपाळाला हात लावला. ताप नव्हता. उलट कपाळ गार, ओलसर. हात धरले तर तेही गार, आणि श्वास धावून आल्यासारखा.

ताप नाही, हे बघून पूर्वीची आई परत फिरली असती. या वेळी तिनं ताट जमिनीवर ठेवलं आणि धाकटीला हाक मारली. एवढी मोठी हाक त्या घरात कधी कुणी ऐकली नव्हती. मेहुण्यानं ताईला उचलून टेम्पोत घातलं. मागे पडद्यांच्या गाठोड्यांवर तिला आडवं केलं, डोकं आईच्या मांडीवर.

इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गर्दी होती. एका तरुण डॉक्टरनं ताईला बघितलं, धाकटीनं पुढे केलेली जुनी फाइल उघडली आणि तो पहिल्याच पानावर थांबला. म्हणाला, यांना क्रॉनिक फटीग आहे ना, मग अशक्तपणा असतोच, घरी न्या, पाणी-साखर द्या, उद्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. वाईट नव्हता तो. दमलेला होता, आणि मागे रांग होती. धाकटी बोलायला लागली, पण तिला रडू फुटलं आणि शब्द जुळेनात.

आई पुढे झाली. तिनं डॉक्टरच्या हातातली फाइल मिटली.

"अहो, ही माझी मुलगी कित्येक वर्षं दमलेली आहे," ती म्हणाली. "दमल्यावर ती कशी दिसते ते मला पाठ आहे. ही दमलेली नाही. हिचे हात धरून बघा."

डॉक्टरनं हात धरून बघितले. मग नाडी बघितली, मग रक्तदाब, आणि रक्तदाब मोजून झाल्यावर त्यानं दोन नर्सना नावानं हाका मारल्या. त्यानंतर सगळं भराभर झालं. सलाईन, रक्ताच्या नळ्या, पोटाची सोनोग्राफी. एका किडनीत पू साठला होता आणि जंतू रक्तात उतरले होते. अजून काही तास घरी राहिली असती तर, असं तो डॉक्टर म्हणाला आणि वाक्य पुरं न करताच गेला.

अतिदक्षता विभागात ती किती दिवस होती, हे तिला स्वतःला आठवत नाही. पाठीतून नळी घालून पू काढला. दोन अँटिबायोटिकांनी काही होईना, तिसऱ्यानं झालं. मधे एकदा आशा सोडायची वेळ आली होती. धाकटी आणि मेहुणा बाहेरच्या बाकावर आळीपाळीनं बसत. दुकानाला कुलूप होतं. आई बाकावर बसायची नाही. ती दाराच्या काचेशी उभी राहायची, आणि पाय सुजले तरी हलायची नाही.

ताई वाचली. ती किडनी मात्र पुरती कामाची राहिली नाही.

तिला वॉर्डात आणल्यावर जुन्या डॉक्टरीणबाई भेटायला आल्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि शेवटी पाण्याचं विचारलं. किती प्यायचात? ताईनं आईकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि खरं सांगितलं. संडासापर्यंत जाववत नव्हतं म्हणून पीत नव्हते. आई खुर्चीवर बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की थकवा वेगळा आणि जंतू वेगळे. जंतू गेले म्हणून थकवा जाणार नाही, आणि थकवा आहे म्हणून जंतू येणार नाहीत असंही नाही. उलट मोठ्या दुखण्याच्या आडोशाला दुसरं दुखणं लपून बसतं, आणि घरचे, डॉक्टर, खुद्द पेशंट, सगळेच फसतात. "नवीन काही वाटलं की बोलायचं. दहा वेळा काही निघालं नाही तरी अकराव्या वेळी बोलायचं."

घरी आल्यावर धाकटीनं कुणाला न विचारता पलंगाजवळ खुर्चीचा संडास आणून ठेवला. ताईनं या वेळी तोंड फिरवलं नाही. पहिल्या दिवशी धाकटी भांडं उचलून निघाली, तेव्हा ताई पुटपुटली, "माफ कर गं." धाकटी म्हणाली, "लहानपणी माझं तू काय काय धुतलंयस ते आईला विचार," आणि गेली.

भेटायला माणसं यायची. आई त्यांना बाहेरच्या खोलीत बसवायची आणि सांगायची, रक्तात जंतू झाले होते, अतिदक्षतेत होती, देवाच्या दारातून परत आली. लोक हळहळायचे. काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. इतकी वर्षं ज्या माणसांनी ताईची साधी चौकशी केली नव्हती, ती आता फळं घेऊन यायची. कधी हिंडायला-फिरायला लागणार, असं कुणी विचारलं की आई म्हणायची, जंतूंनी पार पोखरून काढलंय, वेळ लागेल. ताई आत अंधारात पडून हे ऐकायची. तिच्या थकव्याला आईनं शेवटी एक अब्रूदार कारण मिळवून दिलं होतं. पण ते खोटं होतं.

एका दुपारी पाहुणे गेल्यावर तिनं आईला आत बोलावलं. सलग बोलायचं म्हणजे तिला आधी ताकद गोळा करावी लागे. सकाळपासून ती गप्प राहिली होती, याचसाठी.

"आई, जंतू गेले. कधीच गेले," ती म्हणाली. "हे आहे ते पहिल्यापासूनचं आहे. हे राहणार आहे."

आई पलंगाच्या कडेला बसली. चुण्या घालून घालून तिची बोटं वाकडी झाली होती, ती एकमेकांत अडकवून ती बघत राहिली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्या काचेशी उभी होते तेव्हाच कळलं. पण लोकांना काय सांगू? त्यांना हे नाही कळणार. मला कळायला तुला मरायला टेकावं लागलं."

ताईला हसू आलं की रडू, ते तिला सांगता आलं नसतं. दोन्हींना लागणारी ताकद तिच्याजवळ नव्हती. ती म्हणाली, "लोकांना काहीही सांग."

ताई त्यानंतर कधीच पूर्वीसारखी झाली नाही. बरे दिवस आले तेही अगदी लहान, टेबलाशी थोडा वेळ बसून दोऱ्याची टोकं कापण्याएवढे. बाहेरचं काम मेहुणाच करत राहिला आणि हळूहळू त्याचे रॉड सरळ बसायला लागले. जंतूही पुरते सुटले नाहीत. अधू किडनीत ते पुन्हा दोनदा आले. दोन्ही वेळा लवकर सापडले, कारण आता घरात विचारायची पद्धत पडली होती. रोज सकाळी आई पाण्याचा तांब्या घेऊन यायची, समोर बसून पूर्ण ग्लास संपवायला लावायची, आणि विचारायची, "आज कसलं आहे? रोजचं की वेगळं?"

वेगळं म्हटलं की धाकटी त्याच क्षणी बाटली घेऊन तपासणीला जायची. काही निघालं नाही तरी कुणी "मग?" म्हणायचं नाही.

रोजचं म्हटलं की आई मान हलवायची. मग उठून खिडकीशी जायची आणि पडदा डोळ्यांना सोसेल तेवढाच सरकवायची.